आधी बीळ, मग पेटी

नमस्कार. विषय जाहीर झालाय 'बॉल पायथनची पेटी: तापमान, दमटपणा, रचना'. बॉल पायथन म्हणजे घरी पाळला जाणारा एक लहान अजगर. तिन्हींवर बोलतो, पण आधी मला बिळाबद्दल बोलू द्या. माझं सगळं म्हणणं त्या बिळातूनच निघतं.

'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो. या सापाचं मात्र ते शब्दशः वर्णन आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, सेनेगलपासून युगांडापर्यंत, हा दिवसभर उंदरा-घुशींसारख्या प्राण्यांनी खणलेल्या बिळात नाहीतर वारुळात पडून असतो. अंधारलं की बाहेर. शास्त्रीय नाव पायथन रेजियस, म्हणजे राजेशाही. पण घाबरला की डोकं मधोमध दडवून अंगाचा चेंडू करतो, म्हणून 'बॉल'. सगळा स्वभाव त्या चेंडूत आहे. हा सहसा चावायला धावत नाही, स्वतःला झाकून घेतो. बिळात त्याच्या पाठीला आणि दोन्ही कुशींना भिंत लागते, आणि भिंत अंगाला लागली की तो निवांत होतो.

आता हात वर करा. पेटी घेताना 'साप कुठून छान दिसेल' हा विचार कोणी आधी केला? बघा, जवळजवळ सगळेच. मीही केला होता, आणि त्याची किंमत माझ्या पहिल्या मादीनं मोजली.

ती जेमतेम ६० सेंटीमीटरची होती. चारही बाजूंनी काच असलेली टाकी मी दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवली. आत एक सुंदर फांदी, आणि गुहा अशी ऐसपैस की तीत तिच्यासारख्या चार मावल्या असत्या. विकणाऱ्यानं ती मोठ्या कौतुकानं दिली होती. शिवाय काचेला चिकटवायचं काटेवालं तापमापक. ते वरच्या हवेचं तापमान दाखवी, आणि साप असे खाली. पहिल्या आठवड्यात तिनं खाणं नाकारलं. दुसऱ्यातही. दिवसा पाण्याच्या भांड्यामागे अंग चोरून बसायची, रात्रभर झाकणाला नाक घासायची. मला वाटायचं, बाई चपळ आहे, फिरायला आवडतं. नाकावरचे खवले खरवडलेले दिसले तेव्हा कळलं, ती बाहेर पडायची वाट शोधत होती. नऊ आठवडे ती उपाशी होती. पशुवैद्यांनी तपासून आजार नाही म्हणून सांगितलं आणि विचारलं, "हिला लपायला कुठे आहे?" मी गुहा दाखवली. ते म्हणाले, "ही खोली झाली. बीळ कुठंय?"

त्या रात्री टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद लावला. प्लास्टिकचे दोन बुटके डबे पालथे घातले. दार एकच, ती वेटोळं घालून बसली की अंग भिंतींना टेकेल एवढे. मधली मोकळी जागा सुकी पानं आणि सालींनी भरली. अकराव्या दिवशी तिनं खाल्लं. तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

म्हणून 'मोठ्या पेटीत हा साप जेवत नाही' हे मला पटत नाही. तो बुजतो रिकामेपणाला. मोठी मादी १२० ते १५० सेंटीमीटरपर्यंत जाते, आणि तिला १२० × ६० × ६० सेंटीमीटरची पेटी हवीच, फक्त अडगळीनं भरलेली.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बाकीचं भराभर सांगतो.

उष्णता पेटीच्या एकाच टोकाला. तिथे शेकायच्या जागी ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसऱ्या टोकाला २४ ते २७. दोन्ही टोकांना सारखीच लपणं ठेवा. नाहीतर सापाला ऊब किंवा आडोसा यांतलं एकच निवडावं लागतं, तो आडोसा निवडतो आणि गारठतो. उष्णता देणारं प्रत्येक उपकरण थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला उष्णता आपोआप आवरणाऱ्या यंत्रावर; दिव्याला जाळी. तापणारे दगड नकोतच. साप त्यावरून उठत नाही, पोट भाजल्यावरच आपल्याला कळतं.

दमटपणा ५५ ते ७० टक्के. पूर्ण जाळीचं झाकण असेल तर बराचसा भाग झाका. खाली नारळाच्या भुश्याचा जाड थर, आतून ओलसर, वरून कोरडा. सतत ओल्या जमिनीवर पोटाचे खवले सडतात. पाइन आणि सीडरचा भुसा नको, त्यातली तेलं बाधतात. डोळे निळसर झाले की कात जवळ आली, तेव्हा एका लपणात ओलं शेवाळ. कात तुकड्यांनी निघाली किंवा डोळ्यावर राहिली तर ओढू नका, हवा कोरडी पडली होती असं समजा.

झाकणाला कुलूप लावा. हा साप २०-३० वर्षं जगतो, आणि त्यातल्या कोणत्याही रात्री तो फट शोधू शकतो.

शेवटचं, आणि हे लिहून घ्या. साप आणण्याआधी पेटी आठवडाभर रिकामी चालवा. रोज पहाटे आणि दुपारी दोन्ही लपणांच्या आत, जमिनीलगत तापमान मोजा. आकडे स्थिर झाले की मगच साप आणायला निघा.