मॅकॉलम सरांची किल्ली

कॅलिफोर्नियातल्या कुपर्टिनो या उपनगरात होमस्टेड हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. तिच्या माजी विद्यार्थ्यांमध्ये दोन नावं कायम शेजारी शेजारी लिहिली जातात: ॲपल या संगणक कंपनीचे संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक आणि स्टीव्ह जॉब्ज. वाचणाऱ्याला वाटतं, दोघं एका बाकावर बसत असतील. प्रत्यक्षात वॉझ्नियाक १९६८ साली शाळेतून बाहेर पडला आणि जॉब्ज १९७२ साली. त्यांची गाठ १९७१च्या सुमारास घालून दिली ती बिल फर्नांडिसनं. तोही होमस्टेडचाच, जॉब्जचा मित्र आणि वॉझ्नियाकच्या गल्लीत राहणारा. पुढे तो ॲपलच्या अगदी पहिल्या नोकरदारांपैकी एक झाला. क्रिस एस्पिनोसा तर चौदाव्या वर्षीच ॲपलमध्ये कामाला लागला, तोही याच शाळेचा मुलगा.

एका शाळेतून अशी चार-चार मुलं निघतात, तेव्हा ती सगळी जात्याच हुशार होती एवढं म्हणून माझं समाधान होत नाही. मला ती शाळा जिथे उभी राहिली ती जमीन बघावीशी वाटते. आज ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात त्या सांता क्लारा खोऱ्यात तेव्हा जर्दाळू, चेरी आणि प्लमच्या बागा होत्या. १९५६मध्ये लॉकहीड या विमान कंपनीचा क्षेपणास्त्र विभाग शेजारच्या सनीव्हेलला आला, ह्यूलेट-पॅकार्ड ही इलेक्ट्रॉनिक्स कंपनी आधीपासून पालो आल्टोत होतीच. बागा तोडून अभियंत्यांसाठी घरं बांधली गेली. १९५७ साली सोव्हिएत रशियानं स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेनं पुढच्याच वर्षी कायदा करून विज्ञान-गणिताच्या शिक्षणावर पैसा ओतला. वॉझ्नियाकचे वडील लॉकहीडमध्ये अभियंते होते. एखादं सर्किट कळलं नाही तर विचारायला घरात नाहीतर शेजारी माणूस असायचाच.

पण असे शेजारी त्या खोऱ्यातल्या बऱ्याच शाळांना लाभले होते. होमस्टेडकडे जॉन मॅकॉलम होते.

मॅकॉलम सर पूर्वी नौदलात होते, शिस्तीचे कडक. त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग शाळेच्या एका टोकाला, पार्किंगजवळच्या शेडवजा इमारतीत भरायचा. सामानाच्या खोलीत ट्रान्झिस्टर आणि इतर सुटे भाग त्यांनी ठिकठिकाणाहून मिळवून ठासून भरले होते, आणि लाडक्या विद्यार्थ्यांच्या हाती ते त्या खोलीची किल्ली द्यायचे. समोर एवढे शिक्षक बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे प्रयोगशाळेचं कपाट कुलूपबंद असतं, कारण काही फुटलं-हरवलं तर जबाब शिक्षकाला द्यावा लागतो. ती जबाबदारी मॅकॉलम सरांवरही होतीच. तरी ते किल्ली द्यायचे.

वॉझ्नियाकला वर्गात शिकण्यासारखं काही उरलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा त्यांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. सनीव्हेलच्या सिल्व्हेनिया कंपनीशी बोलून त्यांनी या मुलाला आठवड्यातून एकदा तिथल्या संगणकावर बसायची सोय करून दिली. शाळेत संगणक नव्हता. सिल्व्हेनियात तो फोरट्रान ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकला. बुद्धिबळाचा घोडा पटावरच्या प्रत्येक घरात एकदाच कसा जाईल, हे शोधणारा प्रोग्राम त्यानं लिहिला. उत्तर आलंच नाही. हिशेब केल्यावर कळलं की या रीतीनं ते यायला विश्वाच्या वयाहून जास्त काळ लागेल. केवळ यंत्राच्या वेगावर भिस्त ठेवून भागत नाही, हे त्या वयात स्वतःच्या हातानं कळणं केवढी मोठी गोष्ट!

तिथेच त्याला पीडीपी-८ या छोट्या संगणकाची माहितीपुस्तिका दिसली. मग तो घरी कागदावर संगणकांचे आराखडे काढू लागला. चिपा विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तोच संगणक आणखी कमी चिपांत कसा बसेल, हा त्याचा खेळ झाला. १९७७च्या ॲपल-२ या संगणकाची आखणी पाहून जाणकार थक्क झाले ते याच काटकसरीमुळे. तिची तालीम शाळकरी वयात, एका शिक्षकानं शब्द टाकल्यामुळे सुरू झाली होती.

जॉब्जचं आणि सरांचं मात्र जमलं नाही. एक सुटा भाग हवा म्हणून त्यानं डेट्रॉइटच्या बरोज कंपनीला परस्पर फोन लावला, तोही फोनचा खर्च कंपनीच्याच माथी मारून. भाग विमानानं आला, सर मात्र भडकले. अधिकार मानायचा नाही हा त्याचा स्वभाव त्यांना पटण्यातला नव्हता. तीन वर्षांचा विषय त्यानं एका वर्षात सोडला. याच मुलानं त्याआधी फोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधून ह्यूलेट-पॅकार्डचे एक संस्थापक बिल ह्यूलेट यांना घरी फोन केला होता, फ्रीक्वेन्सी काउंटर या वारंवारता मोजणाऱ्या यंत्रासाठी भाग मागायला. ह्यूलेट यांनी भाग दिले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कामही दिलं. प्रत्येक मूल एकाच शिक्षकापाशी फुलत नाही. त्याला दुसरं एखादं दार उघडं सापडावं लागतं, आणि त्या खोऱ्यात तशी दारं होती.

हे सगळं फी न घेणाऱ्या शाळेत घडलं. तिथल्या शाळा मोठ्या प्रमाणात स्थानिक घरपट्टीवर चालत. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्या करावर मर्यादा घातली आणि शाळांच्या पैशाचं गणित बदललं. ज्या गोष्टीवर मॅकॉलम सरांसारख्यांचा वर्ग उभा असतो ती इतकी साधी आहे: कुणीतरी कर भरलेला असतो.

वॉझ्नियाकनं पुढे लॉस गॅटोसमध्ये शाळकरी मुलांना कित्येक वर्षं संगणक शिकवला. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत त्याच्या नावापुढे ॲपलचा संस्थापक असं लिहिलेलं असतं. मी असतो तर शिक्षक हेही लिहिलं असतं.