१९८२ चा लेहरा

(पडद्यावर पेटीचा हलता भाता, मागे तबल्याचा आवाज.)

स्वतंत्र तबलावादनाची बैठक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना तबलजीच्या शेजारी बसलेला पेटीवालाही आठवत असेल. पाऊण तास, कधी तासभर तो सोळा मात्रांची एकच ओळ वाजवत राहतो. तबलजी कायदे, रेले, गती, तुकडे असा सगळा पसारा मांडून समेवर परत येतो, तेव्हा ती ओळ जिथल्या तिथे त्याची वाट पाहत असते. याला लेहरा धरणे म्हणतात. माझ्या मामांनी उमेदीची सगळी वर्षे लेहरा धरला. मी घरात पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक संगीत लावले, तेव्हा पहिला आक्षेपही त्यांनीच घेतला, "अरे, तेच तेच काय वाजतंय?" लेहरा धरण्यात हयात घालवलेल्या माणसाने हे विचारावे, यातली गंमत मला बऱ्याच उशिरा कळली.

वर्ष संपत आले की संगीताचे शौकीन त्या वर्षातल्या आवडत्या गाण्यांच्या याद्या करतात. मीही करतो, पण माझे मन पुन्हा पुन्हा ज्या वर्षापाशी जाते ते १९८२ आहे. त्या एका वर्षात सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क, इंग्लंड आणि मुंबई येथे, एकमेकांचा फारसा पत्ता नसलेल्या माणसांनी यंत्राच्या हाती लेहरा दिला आणि आपण मोकळे होऊन वाजवू लागले. पुढे येणारी यादी माझ्या आवडीची आहे. तिच्यात क्रमांक नाहीत आणि न्यायनिवाडाही नाही.

त्याआधी 'रिमिक्स' या शब्दाविषयी थोडे बोलणे भाग आहे, कारण आपल्याकडे तो शब्द उच्चारताच निम्मे श्रोते नाक मुरडतात. १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातले 'कांटा लगा' २००२ मध्ये ज्या रूपात घरोघरी पोहोचले, त्यानंतर रिमिक्स म्हणजे जुन्या गाण्याची विटंबना, असे समीकरणच होऊन बसले. मूळ गाणे आणि खाली धडधडणारा ठेका, एवढाच त्याचा अर्थ राहिला. मी ज्या रिमिक्सविषयी बोलतो आहे, त्याची प्रकृती वेगळी आहे. रेडिओसाठी तीन-साडेतीन मिनिटांत आटपलेले गाणे नाचघरात पुरत नसे, म्हणून ते लांबवण्याची गरज निर्माण झाली. सात इंची तबकडीवर फार वेळ ध्वनी मावत नाही. बारा इंची तबकडीवर एकच गाणे घेतले की खाचा ऐसपैस कापता येतात, खर्ज खणखणीत उमटतो आणि वेळही भरपूर मिळतो. १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स या डीजेने 'टेन पर्सेंट' हे गाणे नऊ मिनिटांवर नेले, आणि अशी बारा इंची तबकडी प्रथमच दुकानात सर्वांसाठी विकायला आली. दोन ओळींच्या बंदिशीचा गवई अर्धा तास विस्तार करतो, तेव्हा बंदिशीची विटंबना झाली असे आपण म्हणत नाही.

(पडद्यावर मिरर बॉल, मग फिरणारी टेपची चकती.)

यादीतला पहिला विस्तार पॅट्रिक काउलीचा. डोना समरचे 'आय फील लव्ह' हे गाणे १९७७ चे, म्युनिकमध्ये जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी घडवलेले. त्यातली खर्जाची ओळ मूग सिंथेसायझरने वाजवलेली आहे आणि तिचा प्रत्येक स्वर किंचित उशिराने दुसऱ्या कानात पुन्हा ऐकू येतो, त्यामुळे ती ओळ दुप्पट वेगाने धावते आहे असा भास होतो. यंत्राला पायढोलाचा ठोस घाव मात्र जमेना, म्हणून तो कीथ फोर्सी या ढोलवादकाने पायाने वाजवला. म्हणजे यंत्रयुगाचे निशाण म्हणून मिरवणाऱ्या या गाण्याचा ठेका धरणारा अखेर माणूसच होता. काउली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एका नाचघरात प्रकाशयोजना सांभाळत असे आणि स्वतः सिंथेसायझर वाजवत असे. १९७८ मध्ये त्याने हे गाणे घेतले. मूळ ध्वनिमुद्रणाचे सुटे ट्रॅक त्याच्याजवळ नव्हते. त्याने तयार गाण्याचेच तुकडे पुन्हा पुन्हा जोडून लेहरा लांबवला आणि त्यावर आपले स्वर चढवले. सुमारे पावणेसोळा मिनिटांची ही आवृत्ती काही वर्षे डीजे मंडळींच्या हातून हाती फिरत राहिली आणि १९८२ मध्ये रीतसर प्रकाशित झाली.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मधल्या भागात गाणे हरवले आहे असेच मला वाटले. डोना समर निघून जाते, खाली लेहरा चालू राहतो आणि वर काउलीचे चिरके, घोगरे, शिट्टीसारखे आवाज एकमेकांशी बोलू लागतात. कितीतरी वेळाने ती परत गाऊ लागते, तेव्हा समेवर आल्यासारखे हायसे वाटते. तबलावादनात जे घडते ते इथेच घडते आहे, हे माझ्या ध्यानात आले ते याच जागी. १२ नोव्हेंबर १९८२ रोजी काउली एड्सने वारला. त्याचे वय ३२ होते. रोगाला 'एड्स' हे नाव त्याच वर्षी मिळाले होते.

इंग्लंडमधला मार्टिन रशेंट हा काउलीच्या अगदी उलट स्वभावाचा कारागीर म्हणावा लागेल. ह्यूमन लीग या शेफिल्डच्या गटाचा 'डेअर' हा आल्बम त्याने १९८१ मध्ये केला होता. पुढच्या वर्षी त्याच ध्वनिफिती घेऊन त्याने 'लव्ह अँड डान्सिंग' हा सबंध आल्बम रचला, ज्यात गायन जवळजवळ काढून टाकले आहे आणि राहिलेल्या सांगाड्यातून नवी वास्तू उभी केली आहे. एकाच गटाच्या एकाच आल्बमचे असे सलग रिमिक्स तोवर क्वचितच कोणी केले असेल. संगणकावर रेघ ओढून ध्वनी कापण्याचे ते दिवस नव्हते. स्टुडिओतली टेप सेकंदाला ३८ सेंटीमीटर या गतीने पळत असेल आणि मिनिटाला १२० ठोक्यांची लय असेल, तर एका मात्रेची टेप एकोणीस सेंटीमीटर भरते. चतकोर मात्रा हवी असेल तर पाच सेंटीमीटरांहूनही लहान तुकडा. चकत्या हाताने मागेपुढे फिरवत नेमका ठोका कानाने शोधायचा, मेणाच्या पेन्सिलीने खूण करायची, दाढीच्या पात्याने तिरका काप घ्यायचा आणि पाठीमागून चिकटपट्टी लावायची. असे दोन हजारांहून अधिक जोड त्या आल्बममध्ये आहेत. शब्दाचे एकच अक्षर चार वेळा अडखळते ना, तिथे चार तुकडे चिकटवलेले आहेत. एखाद्या जुन्या शिंप्याने उसवलेल्या कोटाचे जाकीट शिवावे तसे हे काम आहे, आणि मला ते मूळ आल्बमपेक्षा अधिक आवडते. हे मत फारसे कोणाला पटत नाही.

न्यूयॉर्कमध्ये त्या वर्षी इतके काही घडले की एका माहितीपटात ते मावणार नाही. 'सिच्युएशन' हे याझू या इंग्लिश गटाचे गाणे इंग्लंडमध्ये तबकडीच्या दुसऱ्या बाजूला टाकून दिलेले होते. फ्रान्समध्ये जन्मलेल्या फ्रान्स्वा केव्हॉर्कियनने न्यूयॉर्कमध्ये त्याचा रिमिक्स केला आणि ते अमेरिकेतल्या नाचघरांचे गाणे झाले. किंग स्ट्रीटवरच्या एका जुन्या मोटारतळात चालणाऱ्या पॅरडाइज गॅरेज या नाचघरात डीजे लॅरी लेव्हन 'डोन्ट मेक मी वेट' या गाण्याच्या आवृत्त्या लोकांपुढे वाजवून पाहत असे आणि पुन्हा दुरुस्त करत असे. त्या गाण्याच्या सुरुवातीची टाळी ऐकून पाहा. एकच टाळी प्रतिध्वनीवर स्वार होऊन दूर जाते, आणि ती परत येईपर्यंत आपण श्वास रोखून धरलेला असतो.

'प्लॅनेट रॉक'जवळ मात्र थांबायलाच हवे. आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्स यांच्या या गाण्यामागे निर्माता आर्थर बेकर आणि कीबोर्डवादक जॉन रोबी यांचे हात आहेत. ड्युसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क या जर्मन गटाच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस'ची सुरावट आणि 'नंबर्स'चा ठेका त्यांनी घेतला, पण तबकडीवरून उचलला नाही, स्वतः पुन्हा वाजवला. ठेक्यासाठी रोलँड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ हे ड्रम मशीन हवे होते. ते त्यांच्याकडे नव्हते. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून ते यंत्र बाळगणारा माणूस त्यांनी शोधला आणि त्याला वीस डॉलर देऊन बोलावले. मधूनच कडाडणारा वाद्यवृंदाचा तो एक आघात फेअरलाइट या ऑस्ट्रेलियन संगणकातला. मुळात तो स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'मधला. म्हणजे जर्मन सुरावट, जपानी ठेका, रशियन आघात आणि वर ब्राँक्सच्या पोरांची हाळी. ८०८ मधला ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी त्या काळी तक्रार होती. खरा ढोल घुमून थांबतो. हा जमिनीखाली उतरत जातो. लोकांना पुढे हेच भावले, पण तोवर, म्हणजे १९८३ मध्ये, कंपनीने ते यंत्र बनवणे बंद केले होते.

(पडद्यावर मुंबईतली लोकल, मग चंदेरी रंगाची एक छोटी पेटी, तिच्यावरची बटणे.)

तेच ८०८ त्याच वर्षी मुंबईतही वाजत होते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात गिटार, बेस आणि कीबोर्ड वाजवणारे वादक होते. श्रेयनामावलीत ज्यांचे नाव क्वचितच येते अशांपैकी एक. त्यांनी सिंगापूरहून रोलँडची तीन यंत्रे आणली होती: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. चित्रपटांत डिस्कोचा सुकाळ होता, तेव्हा तबला बाजूला ठेवून रागच डिस्कोच्या ठेक्यावर का वाजवू नयेत, असे त्यांच्या मनात आले. ग्रामोफोन कंपनीने १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. ती खपली नाही.

टीबी-३०३ हे यंत्र एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेले होते; मामांच्या भाषेत सांगायचे तर विकतचा लेहरेवाला. त्यात सोळा घरे असतात. आधी स्वर भरायचे, मग त्यांचे काळ वेगळे भरायचे, आणि दोन्हींचा मेळ आपल्या मनासारखा बसतोच असे नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, पण घसरायला किती वेळ घ्यायचा हे यंत्राने कायमचे ठरवून ठेवलेले आहे. सिंग यांनी या यंत्राकडून रागातल्या स्वरांचा लेहरा धरून घेतला, ८०८ ला ठेका दिला आणि वर ज्युपिटरवर स्वतःच्या बोटांनी राग मांडला.

मी ही तबकडी ऐकली ती २०१० मध्ये ती पुन्हा निघाल्यावर. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत तिची एक जुनी प्रत सापडली होती. शिकागोच्या फ्यूचर या गटाने १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढून ३०३ च्या ज्या किंचाळत्या आवाजाला अ‍ॅसिड हाउस हे नाव मिळवून दिले, तोच आवाज इथे पाच वर्षे आधी भूपालीत आणि मालकंसात वाजत होता. मग 'अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईत' अशा थाटाचे लेख येऊ लागले. मला ते पटत नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकली असण्याचा काहीही पुरावा नाही, आणि सिंग यांना नवा संगीतप्रकार काढायचाही नव्हता. एका अनुभवी वादकाने नवी वाद्ये घेऊन आपल्या ओळखीचे राग वाजवले, एवढे माझ्या दृष्टीने पुरेसे मोठे आहे. त्यांच्या उतारवयात युरोपातल्या रंगमंचांवर त्यांना टाळ्या मिळाल्या; जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

ती तबकडी मी मामांना ऐकवली. भूपाली झाली, काही बोलले नाहीत. तोडी सुरू झाली तेव्हा त्यांचा चेहरा आंबला. "गंधार चढा लागतोय," ते म्हणाले. बरोबरच होते, तोडीचा गंधार नेहमीच्या कोमलाहून खाली असतो, आणि सिंथेसायझरच्या पट्टीवर बारा ठरलेल्या स्वरांपलीकडे जागा नाही. मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "पेटीचाही चढाच लागतो म्हणा." याच दोषासाठी आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके त्यांच्या वाद्याला दार बंद ठेवले होते, आणि ते अपमान विसरणाऱ्यातले नव्हते. मग त्यांनी डोळे मिटले आणि बोटे मांडीवर चालू लागली. तबकडी उलटताना त्यांनी विचारले, "लेहराही यंत्राचा, ठेकाही यंत्राचा. मग हा गडी वाजवतोय काय?" मी म्हणालो, वरचा राग. "तो तर ऐकतोच आहे. मी खालचं विचारतोय." खाली ३०३ ची तीच ओळ चालली होती, पण तिचा आवाज मघापासून हळूहळू उघडत होता, फिल्टरची बटणे फिरतील तसा तोच स्वर आधी गुदमरलेला, मग नाकातला, मग धारदार होत होता. मामांनी ते माझ्याआधी ऐकले होते. "स्वर तोच ठेवून आकाराचा इकार करतोय," ते म्हणाले, "लबाड आहे."

एका गोष्टीवर मात्र ते शेवटपर्यंत अडून राहिले. या तबकडीची सुरुवातच भैरवीने होते. बैठक भैरवीने उठते, बसत नाही, असा त्यांचा आग्रह होता, आणि त्यापुढे माझे काही चालले नाही. त्यामुळे आमच्या घरी ही तबकडी दुसऱ्या रागापासून लागते. ललत, भूपाली, तोडी, मधुवंती असे करत मेघमल्हारासाठी बाजू उलटायची, बैरागीपर्यंत जायचे, मग पुन्हा पहिली बाजू वर घेऊन सुई अगदी कडेला ठेवायची. थोडी खरखर होते. मग ज्युपिटरचा आलाप येतो, खाली ती चंदेरी पेटी लेहरा धरते, आणि या यादीतले शेवटचे गाणे सुरू होते.