नाचणारा माणूस पूर्ण दिसला पाहिजे: हॉलीवूडचे जुने संगीतपट

नमस्कार. हॉलीवूडच्या 1930 ते 1950च्या दशकांतील संगीतपटांच्या कथा आठवायला गेल्यास हाती फारसे काही लागत नाही. एखादा गैरसमज, थोडे रुसवेफुगवे आणि शेवटी मनोमीलन. तरीही त्यांतील नृत्ये आजही जागचे हलू देत नाहीत, आणि माझ्या मते याचे श्रेय कॅमेऱ्याच्या संयमाला आहे.

नर्तक डोक्यापासून पावलांपर्यंत सतत दिसला पाहिजे आणि शॉट शक्यतो तोडू नये, असा नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांचा आग्रह असे. चुका झाकण्याची सोयच उरत नसल्याने तालमी कठोर होत. 1936च्या ‘स्विंग टाइम’मधील अखेरच्या नृत्यासाठी 47 टेक झाले आणि त्यांच्या नृत्यातील जोडीदार जिंजर रॉजर्स यांच्या पावलांतून रक्त आले, असे सांगतात, पडद्यावर मात्र दोघे अगदी सहज गिरक्या घेत असल्यासारखे वाटते.

1951च्या ‘रॉयल वेडिंग’मध्ये अस्टेअर भिंतीवर चढून छतावर नाचतात. त्यासाठी संपूर्ण खोली एका फिरत्या पिंपात बसवली होती. कॅमेरा खोलीसोबतच फिरत असल्याने आपल्याला खोली स्थिर आणि माणूस उलटा दिसतो. ही हातचलाखी खरी, पण नर्तक प्रत्यक्षात कायम खालच्याच बाजूवर असे आणि सरकत्या जमिनीवर तोल व ताल दोन्ही सांभाळत असे, हे कळल्यावर तर त्या दृश्याची गोडी वाढते.

बोलता बोलता गाणे सुरू होणे अनेकांना खटकते. संगीत नाटकाच्या मराठी रसिकाला त्यात नवल वाटू नये. 1952च्या ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये नर्तक-अभिनेते जीन केली निरोप घेतात, चालतात, गुणगुणतात, छत्री मिटतात आणि मग रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर चढतात, साधे चालणे नेमके कुठे नृत्य झाले, ते बोट ठेवून सांगता येत नाही. चित्रीकरणाच्या वेळी ते तापाने फणफणले होते.

एक कबुली मात्र या चित्रपटांच्या वतीने द्यायला हवी: बुटांचा टपटप आवाज बहुधा नंतर वेगळा ध्वनिमुद्रित केला जाई. म्हणून एखादे नृत्य आवाज बंद करून जरूर पाहा. तालाचा अंदाज नुसत्या पावलांवरूनही येतो.