हूडियाचे सहा टक्के

नमस्कार श्रोतेहो.

भूक मारणारं औषध विकणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही. वजन उतरवायचंय, पण खाण्यावर ताबा राहत नाही, असं म्हणणारं एखादं तरी माणूस आज घरोघरी सापडतं. त्यांच्यासाठी दर काही वर्षांनी एखादी नवी ‘नैसर्गिक’ वनस्पती बाजारात येते, गाजते आणि विसरली जाते. आज अशाच एका वनस्पतीबद्दल बोलायचं आहे. तिचं नाव हूडिया. ती गोळीच्या रूपात कशी विकली गेली हे सांगेनच. पण माझा खरा रोख आहे तो तिच्या हिशेबावर. कुणाचं ज्ञान, कुणाचं पेटंट, कुणाचा धंदा आणि शेवटी पैसा कुणाच्या हातात.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडचा नॉर्दर्न केप प्रांत, नामिबिया आणि आसपासचा कोरडा मुलूख हे हूडियाचं घर. जमिनीलगत फुटलेली हिरवट करड्या रंगाची जाड खोडं, त्यांवर काट्यांच्या उभ्या रांगा, पानं नाहीत. पाहणारा कोणीही तिला निवडुंगच म्हणेल. पण ती निवडुंग नव्हे, आपल्या रुईच्या कुळातली आहे. रुईच्या फळातून रेशमी शेंडीच्या ‘म्हाताऱ्या’ उडतात ना, हूडियाचं बीही तसंच वाऱ्यावर निघतं. फुलं मोठी, पसरट, कातडीच्या रंगाची, आणि वास मात्र सडक्या मांसाचा. त्या वासाला भुलून माश्या येतात आणि परागीकरण करून जातात. सडपातळ होण्यासाठी जग ज्या झाडावर तुटून पडलं, त्याच्या फुलाजवळ नाक नेववत नाही, याची मला नेहमी गंमत वाटते.

युरोपीय कागदपत्रांत ही वनस्पती आली ती १७७९ च्या सुमाराला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला अधिकारी रॉबर्ट गॉर्डन ऑरेंज नदीच्या मुलखात फिरत असताना त्याला ती दिसली. शास्त्रीय नावातलं ‘गॉर्डनी’ त्याच्यावरून आलं. हूडिया हे नाव हूड नावाच्या, रसाळ वनस्पतींची हौस असलेल्या एका इंग्रज माणसाचं. म्हणजे ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली, त्यांची खूण तिच्या शास्त्रीय नावात कुठेच नाही.

ते लोक म्हणजे सान. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्सवाना आणि अंगोला या देशांत मिळून त्यांची संख्या सुमारे एक लाख. शिकार आणि कंदमुळं यांवर जगत आलेला, आफ्रिकेतल्या सर्वांत प्राचीन समाजांपैकी एक. शेजारच्या नामा लोकांनाही हूडिया ठाऊक होती. खोडाचे काटे तासून काढायचे आणि आतला गर काकडीसारखा चावून खायचा. चव कडवट. जनावराच्या मागावर निघालेला शिकारी पाण्यावाचून, अन्नावाचून लांबची मजल मारतो, तेव्हा या गराने तहान भागते आणि पोटातली आग थोडी थंड होते, असा त्यांचा अनुभव. श्रोतेहो, इथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या माणसापुढे अन्न नव्हतं म्हणून त्याला भूक सोसायची होती. भरल्या ताटावरून उठता येत नाही म्हणून गोळी शोधणारा माणूस अगदी वेगळा. एकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडेल, हे कुणी कधी तपासलं होतं?

१९६३ साली दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेने खाण्यायोग्य रानवनस्पतींची तपासणी हाती घेतली. तिचंही नाव सीएसआयआर, पण आपली दिल्लीची परिषद वेगळी आणि ही प्रिटोरियाची वेगळी. या तपासणीत हूडियाही होती. विषारी आहे का ते पाहायला प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना अर्क दिला, तर ते खाईनासे झाले आणि त्यांची वजनं उतरली. त्यामागचा घटक वेगळा काढायला परिषदेला पुष्कळ वर्षं लागली, कारण त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री नंतर आली. तो घटक म्हणजे एक स्टेरॉइड ग्लायकोसाइड, साखरेला जोडलेलं स्टेरॉइड जातीचं रसायन. पुढे त्याला ‘पी ५७’ हे नाव मिळालं आणि १९९५ मध्ये परिषदेने पेटंटसाठी अर्ज केला. सान लोकांना कुणी विचारलं नाही.

आता योगायोग पाहा. त्याच १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट दिलं गेलं होतं आणि ते आपल्या सीएसआयआरने डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली लढून १९९७ मध्ये रद्द करवलं. जखमेवर हळद दाबणं आमच्या घरातलं जुनंच आहे, हे त्यांनी जुन्या ग्रंथांतून सिद्ध केलं. सानांजवळ असा ग्रंथ नव्हता. त्यांचं ज्ञान तोंडी होतं, आणि पेटंट कार्यालयाला कागद लागतो.

पेटंटचा परवाना परिषदेने फायटोफार्म या ब्रिटिश कंपनीला दिला. फायटोफार्मने १९९८ मध्ये फायझर या बड्या औषध कंपनीशी करार केला. आकडे कोट्यवधी डॉलरांचे. २००१ मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने ही बातमी छापली आणि बोभाटा झाला. हे ज्ञान ज्यांचं ते लोक आता उरले नाहीत, अशा अर्थाचं फायटोफार्मच्या प्रमुखांचं विधान त्याच सुमारास छापून आलं. एक लाख जिवंत माणसांबद्दलचं हे बोलणं आहे! मग सानांची परिषद उभी राहिली, रॉजर चेनेल्स नावाचे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले, बैठका झाल्या, आणि मार्च २००३ मध्ये कालाहारी वाळवंटात करारावर सह्या झाल्या. मूळ ज्ञान सानांचं हे संशोधन परिषदेने मान्य केलं, पेटंटची मालकी परिषदेची हे सानांनी मान्य केलं.

हा करार त्या काळी जगभर नावाजला गेला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आदिवासींच्या ज्ञानाला दाम मोजण्याची अशी उदाहरणं तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पण त्यातले आकडे नीट ऐका. संशोधनाचे टप्पे पार पडताना संशोधन परिषदेला जी रक्कम मिळेल तिच्यातले ८ टक्के सानांचे. आणि माल विकला जाऊ लागला की परिषदेला जी रॉयल्टी येईल तिच्यातले ६ टक्के सानांचे. विक्रीच्या ६ टक्के नव्हे, रॉयल्टीच्या. समजा १०० रुपयांच्या डबीवर परिषदेला ३ रुपये मिळाले, तर सानांच्या वाट्याला १८ पैसे. आणि तेही डबी बाजारात आली तर. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, त्यातला प्रकार. सह्यांच्या वेळी जल्लोष झाला, पण त्याच वर्षी फायझर या प्रकल्पातून बाहेर पडली.

२००४ च्या अखेरीस फायटोफार्मला युनिलिव्हर भेटली. वजन कमी करण्याच्या पेयांत हूडियाचा अर्क घालायचा बेत होता. त्यासाठी आफ्रिकेत लागवडी झाल्या, कारखान्याची तयारी चालली. नेमकं त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात वार्ताहर लेस्ली स्टाल कालाहारीत जाऊन हूडियाचा तुकडा खाताना दिसल्या. दिवसभर भूक जाणवली नाही असं त्यांनी सांगितलं. झालं! अमेरिकेत गोळ्या, कॅप्सुला, चहा, च्युइंग गम, सगळ्यांवर हूडियाचं नाव झळकू लागलं. हे विकणाऱ्यांचा ना पेटंटशी संबंध, ना सानांशी. आयत्या बिळावर नागोबा. करार होता पेटंटच्या मालाबद्दल. त्यामुळे वाळवलेल्या हूडियाच्या नावाने जगभर जे खपलं, त्यातली कवडीही त्या करारातून सानांकडे गेली नाही. पुढे हूडिया पिकवणाऱ्या शेतकऱ्यांशी सानांनी वेगळा करार केला खरा, पण तोवर बाजाराची हवा जायला लागली होती.

एवढी हूडिया येत कुठून होती, हाही प्रश्नच आहे. हे सावकाश वाढणारं झाड, आणि त्याचं बहुतेक वजन पाण्याचं. वाळवलं की हाती फार थोडं उरतं. रानातून उपटानुपटी इतकी वाढली की २००४ च्या ऑक्टोबरात बँकॉकला भरलेल्या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या जागतिक व्यापारावर लगाम ठेवणाऱ्या साइट्‌स परिषदेत हूडियाचा व्यापार परवान्याखाली आणावा लागला. मागणी मोठी, माल तोकडा, मग भेसळ आलीच. तपासलेल्या कित्येक नमुन्यांत हूडियाचा मागमूस नव्हता. फड्या निवडुंगाची भुकटीही हूडिया म्हणून खपली. २००९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने खोट्या दाव्यांबद्दल विक्रेत्यांवर खटला भरला. दुकानातली डबी हातात घेणाऱ्याने एवढं तरी ध्यानात ठेवावं, की ‘नैसर्गिक’ या लेबलावरून आत काय आहे ते कळत नाही.

बरं, खरी हूडिया तरी काम करते का? २००१ मध्ये फायटोफार्मने एका लहानशा चाचणीचा हवाला देऊन जाहीर केलं होतं, की लोकांचं रोजचं खाणं सुमारे १,००० कॅलरींनी घटलं. २००४ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पी ५७ थेट मेंदूत टोचलं, तर भुकेचं नियंत्रण करणाऱ्या भागातली पेशींची ऊर्जा वाढली आणि उंदीर कमी खाऊ लागले. प्रयोग चांगला, पण आपण कोणी गोळी मेंदूत टोचून घेत नाही. फायझरमध्ये या संशोधनाचं नेतृत्व केलेले जसजित बिंद्रा यांनी २००५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला पत्र लिहून सावध केलं होतं, की यकृतावर नको ते परिणाम दिसले आहेत, तेव्हा घाई करू नका. त्या पत्राने बाजार थांबला नाही.

खरं उत्तर मिळालं ते युनिलिव्हरच्याच चाचणीतून. वजन जास्त असलेल्या ४९ निरोगी स्त्रिया. निम्म्यांना अर्क घातलेलं दह्याचं पेय, बाकीच्यांना तसंच पण अर्काविना. १५ दिवस. दोन्ही गटांच्या खाण्यात आणि वजनात म्हणावा असा फरक नव्हता. फरक होता तो त्रासात. अर्क घेतलेल्या स्त्रियांना मळमळ, उलट्या, त्वचेवर विचित्र संवेदना. रक्तदाब आणि नाडीचे ठोके वाढले, यकृताशी संबंधित काही चाचण्यांचे आकडे वर गेले. युनिलिव्हरने २००८ च्या नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला. हा अभ्यास २०११ मध्ये अमेरिकेच्या एका नामांकित पोषण नियतकालिकात छापून आला. म्हणजे पेटंटच्या अर्जानंतर १६ वर्षांनी.

यात मला विज्ञानाचा पराभव दिसत नाही. चाचणी झाली, उत्तर नकारार्थी आलं आणि ते छापलं गेलं. मधल्या काळात ज्यांनी गोळ्या विकल्या, त्यांना उत्तराची गरजच नव्हती. सान मात्र उत्तराची वाट पाहत राहिले, कारण त्यांचे ६ टक्के त्याच्यावर अवलंबून होते. रॉयल्टी शून्य, आणि शून्याचे ६ टक्के शून्यच. टप्प्यांच्या रकमेतून थोडे पैसे आले, तेवढेच.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे असं काही आहे का? आहे. दख्खनच्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर शिंदळमाकुडी उगवते, काही भागांत तिला माकडशिंग म्हणतात. बोटाएवढी चौकोनी हिरवी खोडं, टोकाकडे लहानशी जांभळट फुलं. शास्त्रीय नाव काराल्लुमा, आणि ही हूडियाची सख्खी नसली तरी जवळची नातेवाईक. आपल्या सह्याद्रीतली खरचुडी, ती कंदिलाच्या आकाराच्या फुलांची, तीही याच गोतावळ्यातली. शिंदळमाकुडी गुराखी कच्ची खातात, तिची भाजी-चटणी होते, मीठमसाला लावून लोणचंही घालतात. हूडियाची लाट आली तसा हिचाही अर्क वजन उतरवणारा म्हणून परदेशी बाजारात गेला. बंगळुरूला ५० जणांवर ६० दिवसांची चाचणी झाली, तिचा अहवाल २००७ मध्ये आला. कमरेचा घेर आणि भुकेची जाणीव कमी झाली, पण वजनातला फरक खात्रीने सांगण्याजोगा नव्हता. भाजी म्हणून ती खुशाल खा, मिळाली तर. पण अर्काच्या गोळ्यांचं गणित निराळं. मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी तर भूक मारणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण साखर उतरल्याची सूचना त्यांना अनेकदा भुकेतूनच मिळते.

पुन्हा सानांकडे येऊ, कारण ते तिथेच थांबले नाहीत. २०१७ मध्ये त्यांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आमच्याकडे या, पण आधी विचारा, खरं बोला आणि काय सापडलं ते परत येऊन सांगा, असा तिचा आशय. आणि मग रूइबोस. दक्षिण आफ्रिकेतला तो लाल चहा, हल्ली आपल्या मोठ्या शहरांतल्या दुकानांतही मिळतो. त्याचं ज्ञानही सान आणि खोई लोकांचं. २०१९ मध्ये त्यांनी चहाच्या उद्योगाशी करार केला, त्यात भविष्यातल्या रॉयल्टीचा भरवसा ठेवला नाही. शेतकऱ्याच्या दारात जो भाव ठरेल, त्याच्या १.५ टक्के आकार. पुढे औषध निघो वा न निघो, शेतातून माल उचलला की पैसे बांधलेले. २०२२ मध्ये पहिला हप्ता दोन्ही समाजांना मिळाला, दक्षिण आफ्रिकेच्या चलनात सुमारे १ कोटी २२ लाख रँड.

नमस्कार.