पुळणीवरची पहाटफेरी

(अंधार. लाटांचा आवाज. लांब एक बारीकशी बॅटरी हलतेय.)

अजून उजाडायला बराच वेळ आहे. वेळासच्या पुळणीवर आत्ता तुम्हाला स्क्रीनवर फारसं काही दिसत नसेल, आम्हालाही दिसत नव्हतं, कारण इथे रात्रीचा कॅमेऱ्याचा लाईट लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं आणि ते बरोबरच आहे. पुढे जे काका चालतायत, समुद्री कासवांची अंडी राखणारे गावातले कासवमित्र, ते बॅटरीसुद्धा मधूनच क्षणभर लावतात, खाली वाळूवर मारतात, लगेच बंद. बाकी सगळं चालणं पायाच्या सवयीने. हातात एक काठी, खांद्याला पिशवी, बस.

हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते ती बाणकोटची खाडी, तिच्या दक्षिणेला. इतिहासात रस असणाऱ्यांना वेळास माहीत असतं ते नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून. पण गेल्या वीसेक वर्षांत गावाचं नाव निघालं की लोकांच्या तोंडी आधी कासव येतं, मग नाना.

(काका थांबतात. बॅटरी खाली. वाळूवर रुंद ठसे.)

हे बघा. ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखी नक्षी. समुद्रातून वर आलीय आणि थोडी वळून परत समुद्रातच गेलीय. रात्री कधीतरी एक कासवीण इथे येऊन गेली. ऑलिव्ह रिडले जातीची. भरतीचं पाणी जिथपर्यंत पोचतं त्याच्याही वर आली, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा केला, वर तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं अशा मडक्याच्या आकाराचा, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घातली, वाळू लोटली, अंग आपटून आपटून ती दाबली, आणि गेली. मागे वळून बघितलं नाही आणि परत इथे येऊन बघणार पण नाही.

इथे मला राहून राहून एक गोष्ट आठवते. आपल्या संतांनी अभंगांमधून कासवीचा दृष्टांत दिलाय ना, की कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेनेच वाढवते. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं. आणि इथे वाळूत उभं राहिल्यावर कळतं की या समुद्री कासविणीने आपली पिल्लं कधी बघितलेलीच नसतात, पुढचे पन्नास दिवस त्या अंड्यांवर जी नजर असते ती या गावातल्या माणसांची असते.

आता काका ठशाच्या वरच्या टोकाला, जिथे वाळू विस्कटलेली दिसतेय तिथे, काठी अगदी हलक्या हाताने खुपसून बघतायत. घट्ट, घट्ट, घट्ट... आणि एका जागी काठी अलगद आत जाते. तिथे थांबायचं, पुढे दाबायचं नाही. मग हाताने उकरायचं.

ही काठीची पद्धत कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकवलेली नाही हं. ती जुनी आहे. याच किनाऱ्यावर पूर्वी लोक अशीच काठी घेऊन निघायचे, असेच ठसे बघायचे, अशीच मऊ वाळू शोधायचे, आणि सगळीच्या सगळी अंडी काढून न्यायचे, खायला आणि विकायला. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मासे आणावेत तशी अंडी आणायची. माणसांनी सोडली तर कोल्हे आणि कुत्रे होतेच.

२००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी समुद्री गरुडाच्या घरट्यांचा सर्व्हे करत किनाऱ्याने फिरत होती, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी. झाडांवर गरुडाची घरटी शोधत असताना वेळासला वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं की इथे कासवं येतात पण पिल्लं काही समुद्रापर्यंत पोचत नाहीत. समुद्री कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एक मध्ये येतं, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच याला. कायद्याचा धाक दाखवता आला असता. पण नुसता धाक दाखवून एवढ्या लांब किनाऱ्यावर रात्री पहारा कोण देणार होतं? म्हणून मग गावाशी बोलणं सुरू झालं, ग्रामपंचायतीशी, मच्छीमारांशी, आणि जे अंडी काढायचे त्यांच्याशी सुद्धा. त्यांच्यातलेच काहीजण पुढे राखणीला लागले. मला या सगळ्या गोष्टीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. बाहेरून कितीही शिकलेला माणूस आणला असता तरी त्याला अंधारात घरटं सापडलं नसतं, ज्याला अंडी कुठे असतात हे माहीत होतं त्यालाच ती वाचवता येणार होती. काठी तीच राहिली, ज्ञान तेच राहिलं, अंडी जाण्याची जागा बदलली.

(उजाडतंय. काका गुडघ्यावर बसून एकेक अंडं काढतायत. क्लोजअप.)

आता हे नीट बघा, कारण इथे हाताचं काम आहे.

अंडं पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पांढरं. कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नाही, चामड्यासारखं मऊ, बोटाने किंचित दबतं. म्हणूनच वरून एकावर एक पडतात तरी फुटत नाहीत. पण यांना उलटंपालटं करायचं नाही. घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरू शकतो. म्हणजे ही पहाटफेरी पहाटेच का, तर एक म्हणजे कोल्ह्याच्या आधी पोचायला आणि दुसरं म्हणजे अंडी हलवायची तर लवकरात लवकर हलवायला. काका प्रत्येक अंडं जसं होतं तसंच उचलतात, बादलीत घरट्यातलीच थोडी ओली वाळू घातलीय तिच्यावर ठेवतात, आणि मोजतात. मोजताना कुणी बोलायचं नाही, आम्हाला हाताने गप्प राहायची खूण झाली. शेवटी खड्ड्याची खोली आणि रुंदी पण मोजून घेतली जाते कारण तिकडे हॅचरीत अगदी तसाच खड्डा करायचाय.

हॅचरी म्हणजे काय, तर भरतीच्या रेषेच्या वर, उधाणाचं पाणी पोचणार नाही अशा जागी जाळीचं कुंपण घातलेला वाळूचा चौकोन. कुंपण जमिनीखाली पण गाडावं लागतं नाहीतर खेकडे आणि कुत्रे खालून येतात. आत ओळीने घरटी, प्रत्येकावर पाटी, पाटीवर तारीख आणि अंड्यांची संख्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल यात काय मोठंसं, वाळूत पाट्या खोचल्यात. पण नोव्हेंबरपासून शेवटचं घरटं फुटेपर्यंत, म्हणजे बहुतेकदा मे उजाडतो, रोज पहाटे फेरी, दिवसा हॅचरीवर कुणीतरी, रात्री कुणीतरी, घरी लग्न असो नाहीतर आजारपण, पाळ्या लावूनच हे चालतं. गावाचं कासव मित्र मंडळ आहे, वनविभाग आहे, आता खारफुटीच्या जंगलांचं काम बघणाऱ्या कांदळवन कक्ष आणि कांदळवन प्रतिष्ठानची पण साथ आहे, पण पहाटे वाळूत उतरणारे पाय गावातलेच.

अंड्यातून पिल्लू बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, थंडीत जास्त, उन्हाळ्याकडे कमी. आणि वाळूचं तापमान नुसते दिवसच ठरवत नाही, पिल्लू नर होणार की मादी हे पण तेच ठरवतं! थंड वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. त्यामुळे उन्हाळा लवकर आणि कडक पडायला लागला तर सगळ्या माद्याच होणार की काय ही काळजी कासवांवर काम करणाऱ्या सगळ्यांनाच आहे. वाळू फारच तापली तर अंडी आतल्या आत मरतात. म्हणून सावलीची जाळी लावायची, पाण्याचा हलका शिडकावा करायचा, असे उपाय ठिकठिकाणी केले जातात. खरं तर अंडी जिथे घातली तिथेच राखता आली तर सगळ्यात उत्तम, पण त्यासाठी तो किनारा तेवढा सुरक्षित हवा, कोल्हा, कुत्रा, रानडुक्कर, भरती, माणूस, सगळ्यांपासून.

(दुपार. सुरूचं बन. गावातली घरं.)

२००६ पासून इथे कासव महोत्सव होतो. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक यायला लागले, त्यांना राहायला गावात लॉज नव्हते, म्हणून घरातच सोय झाली, ओटीवर पाहुणे आणि स्वयंपाकघरात मोठी पातेली. घरातल्या बायकांच्या हातात हंगामाचे पैसे यायला लागले. आणि मग कासव हे मंडळापुरतं राहिलं नाही, सगळ्या गावाचं झालं. वेळासनंतर आंजर्ले, केळशी, गुहागर, हरिहरेश्वर, खाली सिंधुदुर्गात वायंगणी, तांबळडेग, अशा कितीतरी गावांत कासवमित्र तयार झाले.

पाहुण्यांबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलते. तुम्ही या, नक्की या. पण कासव तुमच्या सुट्टीचं टाइमटेबल बघून अंड्यातून बाहेर येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी घरट्यावर झाकलेली टोपली उचलली जाते, कधी खाली पन्नास पिल्लं असतात कधी एकही नसतं, आणि नसलं तर तिथे उभ्या असलेल्या माणसावर चिडू नका, तो माणूस पहाटेपासून चालतोय. फ्लॅश नको, पिल्लाला हात नको, दोरीच्या पलीकडे पाय नको. पिल्लू उजेडाकडे धावतं, समुद्रावरचं मोकळं आभाळ चमकतं म्हणून ते समुद्राकडे जातं, मागून तुमच्या मोबाईलचा लाईट आला तर ते उलटं वळतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि फार वाईट वाटलं होतं.

समुद्राच्या आतलं संकट वेगळंच. मासेमारीच्या जाळ्यात कासव अडकलं की त्याला श्वास घ्यायला वर येता येत नाही. जाळं कापून सोडायचं म्हणजे मच्छीमाराचं नुकसान, आणि तो बिचारा किती वेळा सोसणार? म्हणून २०१८ च्या शेवटी राज्य सरकारने योजना आणली, संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. मच्छीमार मोबाईलवर व्हिडिओ काढून पाठवतात, जाळं कापलं, कासव सोडलं. असे व्हिडिओ बघताना मला नेहमी तो जाळं कापणारा हात दिसतो.

मग ही कासवं जातात कुठे? जानेवारी २०२२ मध्ये याच वेळासच्या किनाऱ्यावर एका कासविणीच्या पाठीवर सॅटेलाईट टॅग बसवला, तिचं नाव ठेवलं प्रथमा, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची अशी पहिली म्हणून. मग आणखी काही. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली बागेश्री तर पोहत पोहत श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका कासविणीच्या पायाला आधीच धातूचा बिल्ला होता, ०३२३३, तो २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता! साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. म्हणजे तिकडे लाखोंच्या संख्येने जमणाऱ्या कासवांमधली एक इकडे आपल्या कोकणात एकटी येऊन घरटं करून गेली. रात्री एकट्याने चालणाऱ्या माणसाला हे कळतं तेव्हा काय वाटत असेल.

(संध्याकाळ. हॅचरी. लोक दोरीमागे. टोपली उचलली जाते.)

आज आहेत. वाळू हलतेय बघा. एक डोकं, मग एक वल्ह्यासारखा पाय, मग एकदम सगळी. तळहातावर सहज मावतील एवढी, राखाडी-काळी. त्यांना थेट पाण्यात टाकत नाहीत, थोडं वर वाळूवर सोडतात आणि स्वतःच्या पायांनी जाऊ देतात, या वाळूची ओळख त्या चालण्यातच पटत असावी असं मानतात, मोठी झाल्यावर माद्या सहसा याच भागात अंडी घालायला येतात. पहिली लाट काहींना परत वर ढकलते. पुन्हा चालायला लागतात. दोरीमागचे लोक टाळ्या वाजवायचे पण विसरलेत. हजारात एखादंच मोठं होतं असा अंदाज सांगतात, वर घारी आहेत, आत मासे आहेत.

लोक गेले. अंधार पडला. आता कुणी बघत नाहीये पण काम संपलेलं नाही. पिल्लं निघून गेलेलं एक जुनं घरटं काका उकरतायत, रिकामी टरफलं एकीकडे, न फुटलेली अंडी एकीकडे, सगळं मोजून रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. कोपरापर्यंत हात आत. आणि तळाशी, टरफलांच्या खाली, एक राहिलेलं पिल्लू. दबलेलं, पण पाय हलतोय.

काकांनी ते तळहातावर घेतलं, वाळू फुंकून काढली, आणि चालत गेले पाण्याकडे. आम्ही मागे मागे. ओल्या वाळूवर ठेवलं. बराच वेळ हललंच नाही. मग हललं.

परत येऊन काकांनी रजिस्टर उघडलं, लिहिलेला आकडा खोडला, एकाने वाढवून नवा लिहिला. पहाटेच्या फेरीसाठी बॅटरी चार्जिंगला लावली.