परक्या मुलखातलं पहिलं स्वयंपाकघर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते देशोधडीला लागून दुसऱ्या देशात नव्यानं संसार मांडणाऱ्या निर्वासित कुटुंबांविषयी. आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या चर्चच्या, मशिदींच्या, गुरुद्वारांच्या, देवळांच्या माणसांविषयी.

गोव्यात बसून हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. अहो, आपले देवसुद्धा निर्वासित झाले होते. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. अंत्रुज महाल, म्हणजे फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता, म्हणून झुआरी नदी ओलांडून सगळे तिकडे गेले. देवांमागून माणसं आली, आणि देवळाच्या आधारानं त्यांचे संसार पुन्हा उभे राहिले. परगावच्या कुळाव्यांना, म्हणजे ज्यांचं ते कुलदैवत त्यांना, उतरायला देवळांभोवती अग्रशाळा झाल्या. आता बोलतोच आहे तर सांगतो, त्या जुन्या अग्रशाळा पाडून तिथं चकचकीत फरशांच्या खोल्या बांधायची जी लाट आली आहे, ती मला मुळीच पटत नाही. जांभ्या दगडाची भिंत, लाकडी खांब, पुढची ओसरी. तिथं रात्री अनोळखी चार घरं शेजारी शेजारी पथाऱ्या टाकायची आणि सकाळी ओळखीची होऊन उठायची. बंद दाराच्या खोल्यांत ते कसं व्हायचं? असो.

तर मूळ गोष्टीकडे येऊ. जगात जे निर्वासित आहेत त्यांतल्या फार थोड्यांना तिसऱ्या देशात, म्हणजे पहिला आसरा घेतला त्याच्या पलीकडच्या देशात, कायमचं वसण्याची संधी मिळते. दरवर्षी शंभरात एकालाही नाही. ज्यांना मिळते त्यांना सरकार विमानात बसवतं, कागदपत्रं देतं. पण विमानतळावरून घरी कोण नेणार? मुलांचं नाव शाळेत कोण घालणार? बँकेत, दवाखान्यात सोबत कोण येणार? हे काम कॅनडानं 1979 सालापासून लोकांवर सोपवलं. पाच किंवा जास्त नागरिकांनी एकत्र येऊन, किंवा एखाद्या संस्थेनं पुढे होऊन, एका कुटुंबाची हमी घ्यायची, अशी त्या योजनेची मूळ रीत. घरभाडं, किराणा, कपडे, सामानसुमान, साधारण वर्षभर. सरकारशी असा करार पहिल्यांदा केला तो मेनोनाइट ख्रिस्ती पंथाच्या संस्थेनं, आणि आजही हमी घेणाऱ्या संस्थांमध्ये धार्मिक संस्थाच जास्त आहेत. त्या पहिल्या दोन वर्षांत व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाहून साठ हजारांच्या आसपास माणसं तिथं वसली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांची हमी सरकारनं नव्हे, लोकांनी घेतली होती. 1986 साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संघटनेनं निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना द्यायचं आपलं नान्सेन पदक दिलं ते कॅनडाच्या जनतेला. एका माणसाला नव्हे, जनतेला. आजवर अशा खासगी हमीवर तीन लाखांहून अधिक लोक तिथं गेले आहेत.

आता मला जी हकीकत सांगायची आहे ती सांगतो.

माझी मावसबहीण मडकईची. लग्न होऊन कॅनडात गेली, टोरोंटोच्या शेजारी मिसिसागाला राहते. तिच्या शेजारी एक वयस्क गोंयकार, म्हणजे आपल्या गोव्याच्याच, बाई राहतात. मूळ बार्देसच्या, पण संसार मांडला तो युगांडात, कंपालाला. सगळे त्यांना आंटी म्हणतात, मीही आंटीच म्हणतो. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यानं 1972 च्या ऑगस्टमध्ये फर्मान काढलं, आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. त्यात आपली किती गोंयकार घरं होती! सरकारी कचेऱ्यांतले कारकून, शिंपी, शिक्षक. कुणी इंग्लंडला गेले, कुणी कॅनडाला. आंटी, त्यांचे यजमान आणि दोन मुलगे मॉन्ट्रियलला विमानातून उतरले. तिथल्या लष्करी छावणीत त्यांना जाड कोट मिळाले, आणि मग टोरोंटोला एका चर्चच्या मंडळींनी त्यांना छोटं घर घेऊन दिलं.

पुढे 2015 च्या डिसेंबरात सिरियाच्या निर्वासितांची विमानं टोरोंटोला उतरायला लागली. आंटींच्या चर्चनं एका कुटुंबाची हमी घेतली. आईबाप आणि तीन मुलं. माझी बहीण रोज म्हाळसेला हात जोडणारी बाई, पण आंटीनं हाक मारल्यावर तीही त्या गटात गेली. तिच्याकडे स्वयंपाकघर दिलं.

आता आपल्याकडची बाई स्वयंपाकघर लावायला बसली म्हणजे कसं लावील, ते तुम्हाला सांगायला नको. चर्चच्या तळघरात लोकांनी आणून दिलेल्या वस्तूंचा डोंगर होता. बहिणीनं त्यातून निवडून निवडून त्या कुटुंबाच्या नव्या स्वयंपाकघरातलं कपाट भरलं. तांदूळ, डाळी, पास्ता, सूपचे डबे, वाटाण्याचे डबे, बिस्किटं, तीन प्रकारचं तेल. वरच्या फळीपर्यंत. बोट शिरायला जागा नाही.

कुटुंब यायच्या आदल्या संध्याकाळी आंटी बघायला आल्या. कपाट उघडलं, काही न बोलता उभ्या राहिल्या. मग एकेक डबा काढून टेबलावर ठेवायला लागल्या. बहीण घाबरली. म्हणाली, आंटी, काय चुकलं? तेव्हा आंटी म्हणाल्या, "बाय, कपाट रितें दवर." रिकामं ठेव.

आणि मग त्या तिथंच खुर्चीवर बसून बोलल्या. 1972 साली त्यांचं कपाटही असंच भरून ठेवलं होतं. चर्चच्या बायका फार मायेच्या, आठवड्यातून दोनदा येऊन बघून जायच्या. पण डब्यातली बीन्स आणि डब्यातलं सूप मुलांच्या घशाखाली उतरेना. टाकून द्यावं तर दिलेल्याचा अपमान. दुसरं मागावं तर कृतघ्न म्हणतील. महिनाभर ते घर दुसऱ्याच्या जिभेनं जेवलं. यजमानांचा पहिला पगार झाला त्या दिवशी आंटी एकट्या बाजारात गेल्या आणि बर्फातले बांगडे घेऊन आल्या. आंटी म्हणाल्या, त्या दिवशी मला वाटलं, हे माझं घर.

म्हणून त्या सिरियन घरात पहिल्या रात्रीपुरतं तेवढं ठेवलं. पाव, अंडी, दूध, फळं, चहा, साखर. आणि महिन्याच्या किराण्याचे पैसे एका पाकिटात घालून त्या आईच्या हातात दिले. हातात दिले, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंटी तिला बसनं अरबी दुकानात घेऊन गेल्या. हिला अरबी येत नाही, तिला इंग्रजी येत नाही. माझी बहीण मागोमाग होती, तिनं मला हे सगळं फोनवर सांगितलं. दुकानाच्या दारात ती बाई अवघडून उभी होती, पाकीट दोन्ही हातांनी धरून. मग ऑलिव्ह तेलाच्या फळीपाशी गेली. दुकानदारानं चव बघायला ठेवलेल्या बाटलीतला एक थेंब तळहातावर घेतला, हुंगला, जिभेला लावला आणि मान हलवली. नको. दुसरं घेतलं, तेही नको. तिसरं पसंत पडलं. मग झातर हा त्यांच्याकडचा मसाला, मग भाजलेले तीळ, मग चण्यांची पिशवी हातानं चाळवून बघितली. किंमत विचारली आणि दुकानदाराशी अरबीत अशी घासाघीस सुरू केली की तो बिचारा हसायला लागला. आंटी बाजूला उभ्या होत्या. मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. शेवटी तिनं लांब दांड्याचं एक छोटं कॉफीचं भांडं घेतलं, ते मात्र पिशवीत घालू दिलं नाही, हातातच धरून आणलं.

संध्याकाळी गटातली माणसं काही हवं-नको विचारायला गेली, तर तिनं सगळ्यांना बसवलं. वेलदोडा घातलेली कॉफी केली. माझी बहीण कप विसळायला उठली तर तिला दंडाला धरून परत खाली बसवलं.

श्रोतेहो, हेच मला सांगायचं आहे, आणि पुन्हा सांगतो. मदत भरपूर करा, पण घर ज्याचं त्याच्या हातात द्या. पैसे त्याच्या हातात, किल्ली त्याच्या हातात. काय शिजवायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. आपल्याकडे पूर आला की पोत्यात भरून फाटके कपडे पाठवायची पद्धत आहे, ती बंद झाली पाहिजे असं मी वर्षानुवर्षं म्हणतो आहे. जे आपल्या लेकीला देणार नाही ते दुसऱ्याच्या लेकीला देऊ नये.

आता तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक प्रश्न आला असेल, आणि गोव्यात तो येणारच. चर्च मदत करतं म्हणजे धर्म बदलायला सांगतं का? आपल्या पूर्वजांनी इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा जाच, भोगलेलं आहे, ही शंका घेण्याचा आपल्याला हक्क आहे. तर ऐका. या हमीच्या मदतीला धर्माची अट घालता येत नाही. ते सिरियन कुटुंब मुसलमान होतं, मुसलमानच राहिलं. आंटींनीच त्यांना जवळची मशीद दाखवली. एवढंच नव्हे, पहिल्या रमजानात संध्याकाळी त्यांच्या घरी जेवायला कोण कोण येणार याची विचारपूस चर्चच्या गटात झाली. हे जिथं पाळलं जात नाही तिथली मदत ही मदतच नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

धार्मिक मंडळींना हे काम जमतं कशामुळे? त्यांच्याकडे माणसं आयती जमलेली असतात. दर रविवारी, दर शुक्रवारी, दर एकादशीला तीच माणसं भेटतात. कुणी दंतवैद्य, कुणी बसचा ड्रायव्हर, कुणी निवृत्त शिक्षिका. सप्ताहात आपण पहारे वाटून घेतो, तशीच तिथं कामं वाटली जातात. सोमवारी इंग्रजीच्या वर्गाला कोण सोडणार, गुरुवारी दवाखान्यात कोण. एकट्यादुकट्यानं वर्षभर हे रेटणं कठीण आहे. आणि वर्ष संपलं की पैसे थांबतात, ते त्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं लागतं, म्हणजे भाषा आणि काम या दोन गोष्टींकडे घर लवकर वळतं.

दूर कशाला जा, आपल्या शेजारी कर्नाटकात मुंडगोडला 1966 पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथं त्यांचे मठ उभे राहिले, आणि मठांभोवती गाव उभं राहिलं. गोव्याहून मोटारीनं एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. जाऊन बघा, मुलांना घेऊन जा.

आणि तुमचं कुणी कॅनडात असेल, इंग्लंडमध्ये असेल, जिथं 2016 साली अशीच योजना सुरू झाली, तर या रविवारी फोनवर बोलताना त्यांना विचारा, तुमच्या भागात असा गट आहे का? देवळाची माणसं आहेत का त्यात? नसतील तर का नाहीत?

नमस्कार.