शिक्षा प्रशिक्षकालाच हवी

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांत बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल या खेळांवर मोठी आर्थिक उलाढाल चालते, आणि त्यामुळे शाळेतल्या गुणी खेळाडूला आपल्या संघाकडे ओढण्यासाठी प्रशिक्षकांची चढाओढ असते. त्यांनी खेळाडूला केव्हा भेटावे, कुठे भेटावे, कितीदा फोन करावा, याचे नियम एनसीएए ही तिथल्या विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी संस्था करते. ते मोडणाऱ्याचे पुढे काय होते, हे एका मेजवानीच्या हकिकतीवरून चांगले समजते.

२००८ साली टेनेसी विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक ब्रूस पर्ल यांनी विद्यापीठ पाहायला आलेल्या काही शालेय खेळाडूंना पालकांसह आपल्या घरी जेवायला बोलावले. अकरावीतल्या मुलांना विद्यापीठाच्या आवाराबाहेर भेटण्यास प्रशिक्षकांना मनाई होती. पर्ल यांना ते ठाऊक होते, कारण ही भेट नियमाबाहेरची असल्याने तिची वाच्यता करू नये, असे त्यांनी स्वतःच पाहुण्यांना सांगितले. ज्याच्या हाती मुले सोपवायची, त्यानेच त्यांना पहिला धडा लपवाछपवीचा द्यावा, याचे मला फार वाईट वाटते.

जून २०१० मध्ये एनसीएएच्या चौकशी अधिकाऱ्यांनी पर्ल यांच्यापुढे एक छायाचित्र ठेवले. त्यात ते एका खेळाडूबरोबर स्वतःच्याच घरात दिसत होते, आणि सोबत त्यांच्या सहायकाची पत्नी होती. तरीही ती जागा आणि ती स्त्री आपल्या ओळखीची नाही, असे त्यांनी सांगितले. सप्टेंबरमध्ये त्यांनी पत्रकारांसमोर रडत खोटेपणाची कबुली दिली. विद्यापीठाने पाच वर्षांत मिळून १५ लाख डॉलर पगार कापण्याचे ठरवले, टेनेसी ज्या विद्यापीठांच्या गटात खेळते, त्या गटाच्या परिषदेने त्यांना गटातले आठ सामने बाहेर बसवले, आणि मार्च २०११ मध्ये त्यांची नोकरी गेली. लक्षात घ्या, मेजवानी हा किरकोळ गुन्हा होता. नोकरी गेली ती खोटे बोलल्यामुळे.

ऑगस्ट २०११ मध्ये एनसीएएने पर्ल यांना तीन वर्षांचा, तर त्यांच्या तीन सहायकांना प्रत्येकी एक वर्षाचा 'कारणे दाखवा' आदेश लागू केला. असा आदेश असलेल्या प्रशिक्षकाला जे विद्यापीठ कामावर घेईल, त्याला एनसीएएपुढे जाऊन आपल्यावर निर्बंध का लादू नयेत, याचे उत्तर द्यावे लागते. ही शिक्षा माणसाच्या मागे जाते, विद्यापीठाच्या नाही, हे मी मुद्दाम सांगतो. पर्ल त्या काळात दूरचित्रवाणीवर समालोचन करत राहिले. मुदत संपण्याच्या काही महिने आधी, मार्च २०१४ मध्ये, ऑबर्न विद्यापीठाने त्यांना घेतले.

याउलट १९८७ साली डलासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या समर्थकांनी खेळाडूंना पैसे दिल्याबद्दल फुटबॉल संघाचा संपूर्ण हंगामच रद्द झाला, आणि ज्यांचा त्या व्यवहाराशी संबंध नव्हता, त्या मुलांनाही दुसरे विद्यापीठ शोधावे लागले. म्हणूनच सहायकाने नियम मोडला तरी मुख्य प्रशिक्षकाला जबाबदार धरून निलंबित करण्याची तरतूद एनसीएएने २०१३ पासून अधिक कडक केली, हे मला योग्य वाटते.